ठकीनं बिघडवलेला हात

टांगेवाल्याला माणसाचं तोंड नंतर दिसतं, आधी हात दिसतो. बाईमाणूस पायरीवर पाय ठेवते आणि दांडा धरायला हात वर करते, तेवढ्यात पदर मागं सरकतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत सगळं दिसून जातं. बांगड्या, भाजल्याचे डाग, आणि गोंदण. मी दुसरीतून शाळा सोडली, पाटी वाचायची तर घाम फुटतो. पण बोईसर स्टेशन ते तारापूर मी बावीस वर्षं टांगा हाकला, आणि त्या रस्त्यावरच्या बायका मला तोंडापेक्षा हातावरून जास्त ओळखू यायच्या. तुळसवाली, तीन ठिपकेवाली, अंगठ्यापाशी मोर असलेली.

बघून बघून एक गोष्ट मला कळली होती. नवं गोंदण सगळंच चांगलं दिसतं. खरं काय ते दहा वर्षांनी कळतं. कुणाचा ठिपका गोल तो गोलच राहतो. कुणाचा पसरतो, शाई सांडल्यावानी निळा डाग होऊन बसतो. असं का होतं ते कधी मनात आलं नाय. कोण काढतं, कशानं काढतं, ते आपण पुरुषमाणसानं कशाला विचारायचं?

मग रत्नाबाई आली.

साल पासष्ट नाय तर सहासष्ट. तारापूरला अणुशक्तीचं काम जोरात होतं, कुठकुठली माणसं उतरत होती बोईसरला. रत्नाबाई आणि तिचा नवरा बन्सी नगरकडचे. तो सळया बांधायचा, ती दगड वाहायची. सुट्टीच्या दिवशी बाजाराला आली आणि परत जाताना माझ्या टांग्यात चढली. हात वर केला तर काय, पार कोरा. पंचविशीची लगीन झालेली बाई आणि अंगावर एक ठिपका नाय. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई, गोंदण नाय केलं तुमी?"

दुसरी असती तर बोलणी खाल्ली असती मी. ही म्हणाली, "त्याच्याच पायी आज दिसभर बाजारात उभी हाये, भाऊ."

मग वाटेनं तिनं सांगितलं. दगडांच्या राशीखाली विंचू असतात. महिन्यामागं तिच्या जोडीला काम करणारी रंभाबाई दगड उचलायला वाकली आणि बोटाला डंख बसला. दोन दिवस लोळली बिचारी. तेव्हापासून सगळ्या बायकांचं एकच, की हातावर विंचू गोंदवून घे, अंगावर विंचू असला की दुसरा विंचू चावत नाय. बाकीच्यांच्या हातावर आधीपासून होता. राहिली ही एकटी. आता दगडाला हात घालायचा म्हटलं की ही मागं सरकायची. मुकादम ओरडायचा, बन्सी चिडवायचा.

मी म्हटलं, मग घ्या की काढून.

तर म्हणाली, तिची मोठी बहीण होती, जमना. नऊ वर्षांची. गावात गोंदणारी आली, जमनानं हट्टानं विंचूच काढून घेतला, आणि आठव्या दिवशी दातखीळ बसून पोरगी गेली. आईनं शपथ घातली, ह्या घरात पुन्हा सुई शिरणार नाय. म्हणून ही कोरी राहिली. विंचवाचं भ्या एका बाजूनं, सुईचं दुसऱ्या बाजूनं, अशी मधोमध उभी होती बाई.

बाजारात एक मशीनवाला बसायचा तेव्हा. मोटारीची बॅटरी, तिच्यातून वायर, आणि हातात घरघर करणारी सुई. पाच मिनिटांत मोकळं करायचा. बन्सी म्हणाला होता, जा, काढून ये. ही गेली, पण बसली नाय. बाजूला उभी राहून बघत राहिली. एका सुईनं अकरा हात केले म्हणे त्यानं. मधे पुसायचा ते एकाच फडक्याला. त्यातल्या एका माणसाच्या हाताला खरूज होती. हिनं सांगितलं, दादा, सुई जरा धुवा. तर तो म्हणाला, "धोने से सुई की धार मर जाती है, बहन."

टांग्यातून उतरताना ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी रोज इतके हात बघता. कुणाचं गोंदण चांगलं राहिलंय? त्यांना कुणी काढून दिलं?"

इतकी वर्षं हात बघितले आणि हे एक विचारलं नव्हतं कुणाला. रात गेली तरी डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी विचारायला सुरुवात केली. पहिलीच गाठ पडली ती दातिवऱ्याचं माहेर असलेली, तारापुरात दिलेली एक मासळीवाली. तिच्या मनगटावर तीन ठिपके, मोहरीवानी गोल. मी विचारलं, ताई, हे कुणी काढलं हो? तिनं टोपली मांडीवर घेतली आणि सगळ्या टांग्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "घोड्याच्या शेपटीकडं बघ, माझ्या हाताकडं कशाला बघतोस?" तारापूर येईपर्यंत लोक हसत होते.

तेव्हा ठरलं, हे माझ्यानं व्हायचं नाय. पुढच्या दोन सुट्ट्यांना रत्नाबाई माझ्या बाजूला पुढं बसली, ह्या टोकाकडून त्या टोकाला. मी नुसती कोपरानं खूण करायची, विचारायची तिनं. आणि काय विचारायची! मला वाटलं, छान आहे का, दुखलं का, असलं काय विचारेल. ती म्हणायची, हात कोणत्या दिवशी सुजला? भाकरी थापायला किती दिवसांनी बसलात? ताप आला का? सुई कुणाची होती? बायका आधी बिचकायच्या, मग बोलायला लागल्या की उतरायचं ठिकाण विसरायच्या. माझा घोडा, नाव त्याचं शेठ, कारण घाई म्हणून त्याला कधी सोसायची नाय, तोसुद्धा कान मागं करून चालायचा.

केळव्याची एक सुपारीच्या वाडीतली बाई होती. तिच्या हातावर काय होतं ते तिला स्वतःला सांगता येईना. मोर होता म्हणे, आता कोंबडीसुद्धा वाटत नव्हती. गावोगाव फिरणारी कोण आली होती, नाव ठाऊक नाय. एकीचं गोंदण चांगलं, पण महिनाभर हात गळ्यात बांधून होती. आणि ज्यांचं गोल, रेघ बारीक, चौथ्या दिवशी भाकरी थापली, त्या सगळ्यांच्या तोंडात एकच नाव. ती मासळीवालीसुद्धा रत्नाबाईला तेच बोलली. ठकी. डोंगरातली ठकी.

ही ठकी पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पाड्यात राहायची. पूर्वी भात झोडून झालं की खाली उतरायची आणि शिरगाव, केळवे, दातिवरे अशी किनाऱ्यानं फिरायची. बोईसर-तारापूरच्या बाजूला मात्र यायची नाय.

का यायची नाय ते मला ठाऊक होतं. तुमालाही सांगून टाकतो, कारण रत्नाबाईला मी तेव्हा सांगितलं नाय. ठकीनं काढलेला एक हात माझ्या घरात होता. माझ्या बायकोचा, काशीचा. लगीन होऊन वर्ष झालं नव्हतं, ती माहेरी शिरगावला गेली आणि हातावर तुळस काढून आली. तो हात सडला. कोपरापर्यंत सुजला, दीड महिना ताप. मी तेव्हा टांग्यात बसणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत सुटलो, ठकीची सुई विषारी हाय. टांग्यात बोललेलं सांजेपर्यंत गावात पोचतं. ठकी बघायला आली होती, तिला मी दारातनं हाकलली. तेव्हापासून ह्या बाजूला तिला कुणी बोलावली नाय. अठरा वर्षं झाली होती त्याला.

म्हणजे मी रत्नाबाईला सांगायला हवं होतं ना, की बाई, हाही एक हात बघा? नाय सांगितलं. गप्प का बसलो ते येईल.

तिसऱ्या सुट्टीला सकाळी टांगा काढला. पालघर मागं टाकलं, रस्ता संपला, पाऊलवाट लागली. मी म्हटलं, मी शेठपाशी थांबतो, तुमी जा. तर ती म्हणाली, मी नवखी बाई एकटी कशी जाऊ. जावं लागलं.

ठकी झोपडीच्या ओट्यावर बसली होती. केस पिकलेले, हात मात्र थिर. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ओळखलं. रत्नाबाईला जवळ बसवलं. तिचा हात आधी उन्हात धरला, उलटा केला, चिमटीत कातडी धरून बघितली. ताप हाय का विचारलं, अंगावर कुठं खरूज, जखम हाय का विचारलं. मग आपली पद्धत सांगितली. सुया ज्याच्या त्यानं आणायच्या, कोऱ्या, बाजारातून. तीन सुया एकत्र बांधायच्या, मडक्यात पाणी खळखळ उकळून त्यात टाकायच्या. काजळ ती घरी धरायची, त्यात एका पाल्याचा रस. काम झालं की सुया ज्याच्या त्याच्या घरी. एकीची सुई दुसरीला नाय.

रत्नाबाई मान डोलवत होती. तिचा चेहरा मोकळा होत चालला होता, आणि मी मनात म्हणत होतो, चला, निभावलं.

तेव्हा ठकीनं विचारलं, "माझ्याकडं कशी आलीस?"

रत्नाबाईनं सांगितलं, हात बघून आले. कुणाकुणाचे ते सगळे सांगितले.

"चांगले हात बघून आलीस. बिघडलेला बघितला?"

रत्नाबाईनं नकाराची मान हलवली.

"माझ्या हातून एक बिघडलाय. तो तोंडानं सांगितल्याबिगर मी कुणाला बसवत नाय. तुला सांगायची गरज नाय. तो हात ह्या दिनाच्या घरात हाय. बघून ये, मग तुझं मन सांगेल ते कर."

असली कारागीर तुमी बघितली का कधी? सुतार आपली मोडकी खुर्ची दाखवतो का? मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिलो.

परत येताना पालघरच्या फाटकापाशी रत्नाबाई म्हणाली, "दिनाभाऊ, समद्या मुलखाचे हात दावलेत मला."

मी शेठला हाकारा दिला. तो काय ऐकतो.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. काशी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. रत्नाबाई कोण ते तिला माहीत होतं, मी घरी सांगितलंच होतं सगळं, फक्त ठकीचं नाव सोडून. रत्नाबाई तिच्यापुढं बसली आणि म्हणाली, ताई, ठकीनं धाडलंय, हात बघायला.

काशीनं माझ्याकडं बघितलं. मी खुंटीवरच्या लगामाकडं बघितलं. तिनं हात धुतला आणि पुढं केला. तुळशीच्या कुंडीचा खालचा भाग नीट होता, रेघ अजून बारीक. वर मात्र मेण वितळून गोठल्यावानी गाठ, लिंबाच्या फोडीएवढी.

रत्नाबाईनं त्या गाठीवरून बोट फिरवलं आणि आपले नेहमीचे सवाल काढले. कोणत्या दिवशी सुजला?

"दोन दिवस काय नव्हतं," काशी म्हणाली. "मी भात कांडत होते. तिसऱ्या दिवशी खाज सुटली नि जरा गरम लागला."

"मंग? लावलं काय त्याला?"

काशी दुसऱ्या हाताच्या बोटांचं पीठ अंगठ्यानं काढत बसली. ते पीठ काय निघून निघून निघेना. अठरा वर्षं ह्या बाईनं मला झाकलं होतं. लोक विचारायचे तेव्हा ठकीला शिव्या मी द्यायचो आणि ही खाली मान घालून पाणी आणायला जायची. एकदासुद्धा टोमणा मारला नव्हता. आतासुद्धा बोलणार नव्हती, ते मला दिसत होतं. आणि समोर ती परकी बाई, जिवाचं विचारायला आलेली.

"घोड्याचं मलम लावलं," मी म्हटलं. "मी लावलं."

सांगतो कसलं ते. साजानं घासून घोड्याचा खांदा सोलतो. त्याला माझा बाप एक काळं मलम करायचा, चरबी, डांबर आणि भरपूर मोरचूद. घोड्याचं चामडं ते, एका दिवसात खपली धरायची. माझ्या बापानं त्यानं किती घोडे बरे केले. मी नवा नवरा, बायकोचा हात खाजतोय म्हटल्यावर मला वाटलं, घरात एवढं जालीम औषध असताना तिनं का सोसावं? बोटभर काढून चोळलं आणि वरून चिंधी बांधली. सकाळी चिंधीसंगं कातडी आली. आणि दुसऱ्या चिंधीखाली मी अजून लावलं. वाटलं, कमी पडलं असेल.

मला वाटलं आता रत्नाबाई मला चार शब्द ऐकवेल. ती माझ्याकडं बघतच नव्हती. काशीचा हात हातात तसाच होता.

"जमनाला आईनं शेण लावलं व्हतं," ती म्हणाली. "गोठ्यातलं. गार पडावं म्हणून. रोज दोन येळा. वाटी म्या धरली व्हती."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटली नाय.

मग काशीनं तिला पाणी दिलं. रत्नाबाई म्हणाली, हे आईला कवा सांगायचं न्हाई. काशी म्हणाली, नको सांगू. दोघी बराच वेळ बसल्या, काय बोलल्या ते मला ठाऊक नाय, मी शेठला पाणी पाजायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ठरलेलं होतं. पुढच्या सुट्टीला जायचं. काशीसुद्धा येणार.

गेलो. रत्नाबाईकडं कागदात गुंडाळलेल्या तीन कोऱ्या सुया. तिघं चढ चढून गेलो तेव्हा ठकी मडक्याखाली जाळ करत होती. काशी तिच्यापुढं बसली आणि हात पुढं केला, जणू काल काढून घेतलं होतं. ठकीनं त्या गाठीवर अंगठा ठेवला. मी वाटेत जे जुळवून ठेवलं होतं ते बोललो. मलमाचं, आणि टांग्यात बसून अठरा वर्षं जे बोललो त्याचं.

ठकीनं जाळात एक काटकी सारली. "मला ठाऊक होतं. बघायला आले तेव्हा दारातच त्या डांबराचा वास आला."

"मग बोलली का नाय?"

"तू बोलू दिलंस का?" ती म्हणाली. "आणि माझीबी चूक होती. काय लावायचं नाय ते मी सांगितलं नव्हतं तुझ्या बायकोला. तेव्हा मला वाटायचं, सुई उचलली की माझं काम संपलं."

म्हणून तो हात तिनं आपल्या नावावर ठेवला होता. आणि प्रत्येक बाईला आधी तो सांगायची.

मग रत्नाबाई बसली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. ठकीनं आधी काडीनं विंचू रेखला, नांगी दोनदा पुसून पुन्हा काढली, रत्नाबाईला पसंत पडेपर्यंत. मग सुया उकळत्या पाण्यातून काढल्या. पहिली टोच बसली तेव्हा रत्नाबाईनं डोळे मिटले, आणि काशीनं तिचा दुसरा हात धरला. मी बघत होतो. आयुष्यभर हात बघितले, पण ठिपका बसताना पहिल्यांदा बघितला. ठकी सुई एकाच खोलीवर थांबवायची, दर वेळी, जणू आत कुणीतरी रेघ आखून ठेवलीय. खोल गेली की पसरतो, वर राहिली की उडतो. तेव्हा कळलं मला, मोहरीवानी गोल कशानं राहतो ते.

काम झाल्यावर ठकीनं सांगितलं. हळद आणि खोबरेल तेल, दुसरं काय नाय. आठ दिवस मातीला, दगडाला हात नाय. गरम लागला, ताप आला, तोंड आखडलं, तर माझ्याकडं नाय, पालघरला डॉक्टरकडं, त्याच दिवशी. रत्नाबाईकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग माझ्याकडं वळली.

"दिना, ते मलम अजून करतोस?"

म्हटलं, टांग्यात डबा असतो. शेठचा खांदा जरा सोललाय.

"आण इकडं."

मी खाली जाऊन डबा घेऊन आलो. तिनं तो झोपडीत आढ्याला टांगला. "ही बाय तुझ्याच टांग्यातून जाणार. आठ दिवस डबा इथं राहील."

काशी अशी हसली की तिला ठसका लागला.

आठ दिवस रत्नाबाईला खडी फोडणाऱ्या बायकांनी सांभाळून घेतली, पाणी भरायच्या कामाला लावली. मी येता-जाता टांगा थांबवून विचारायचो, आणि ती लांबून हात वर करून दाखवायची. पाचव्या दिवशी खपली. सातव्या दिवशी खपली गेली. नवव्या दिवशी ती बाजाराला निघाली, दांडा धरायला हात वर केला आणि मला विंचू दिसला. नांगी वर, आठ पाय मोजून घ्यावेत असे. टांग्यात ती मासळीवाली होती. तिनं हात ओढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "ठकी अजून काढते होय?" बोईसर येईपर्यंत त्याच्यावरच बोलणं. मी ह्या वेळी खरं ते सांगितलं. मलमासकट. लोक हसले, पण पुढच्या महिन्यात दोन बायका डोंगराची वाट विचारत आल्या.

त्या विंचवाला बघून दुसरे विंचू खरोखर घाबरतात की नाय, मला माहीत नाय. मी रत्नाबाईला एकदा विचारलं. ती म्हणाली, तिलाबी माहीत न्हाई, पण आता दगड उचलायच्या आधी ती पहारीनं एकदा हलवून बघते. हातावर नजर गेली की आठवतं म्हणे.

डबा आणायला मी गेलो नाय. शेठच्या खांद्याला त्या आठ दिवसांत काय लावावं म्हणून काशीनं हळद आणि तेल कालवून दिलं. त्याची खपली जरा उशिरा धरली. पण केस पुन्हा आले, जे माझ्या बापाच्या मलमानं कधी येत नव्हते.